सहा फुटांचे अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो ते खर्चासंबंधी. मासाओका शिकी या जपानी कवीला तर तेवढेही पाय पसरता येत नव्हते. कण्याच्या क्षयाने तो तोक्योच्या नेगिशी भागातल्या छोट्या घरात खिळून होता. १९०२ साली 'निप्पोन' या वृत्तपत्रात त्याने चालवलेल्या सदराचे नावच 'ब्योशो रोकुशाकु', म्हणजे सहा फुटांची रुग्णशय्या. ५ मे ते १७ सप्टेंबर असे १२७ हप्ते झाले. १९ सप्टेंबरला तो गेला. वय अवघे ३४.

हायकू म्हटले की आपल्याकडे शिरीष पै आठवतात, आणि शिकी फार तर हायकूचा सुधारक म्हणून एका वाक्यात उरकला जातो. त्याचे गद्य वाचणारे बहुधा त्याच्या धैर्याचे गोडवे गातात. मला मात्र ते धैर्याचे लेखन वाटत नाही. तो कण्हतो, चिडतो, खाण्याचा हावरटपणा करतो, आणि हे सारे नोंदवतो.

सप्टेंबर १९०१ मध्ये सुरू केलेली त्याची खासगी रोजनिशी 'ग्योगा मानरोकु' पाहावी. तिन्ही वेळचे जेवण, भाताची पेज, कच्चा मासा, फळे, कोको घातलेले दूध. मग जखमांच्या पट्ट्या बदलणे, मग कोण भेटायला आले. इंग्रजी अनुवादातून वाचताना पहिल्या खेपेस मी ही पाने भराभर उलटली, हे कबूल करतो. पुढे आमच्या बेळगावच्या घरी आईचा संधिवात अकरा वर्षे चालला. औषधांच्या वेळांची वही मी ठेवत असे. ती गेल्यावर वही चाळली, तर गोळ्या सगळ्या होत्या. पण खाटेवरून तिला काय दिसत होते, त्या दिवशी आमटी तिला गोड लागली की नाही, याचा एक शब्द नव्हता. शिकीची ती पाने मी तेव्हा परत काढली. जुनाट आजाराला कथानक नसते. कालचाच दिवस आज पुन्हा येतो, आणि फरक पडतो तो घासाच्या चवीत. ज्या यादीला मी कंटाळलो होतो, तिच्याशिवाय हे सांगायचे कसे?

'शासेइ', म्हणजे जे दिसते तेच रेखाटणे, हे त्याचे काव्यतत्त्व. डिसेंबर १८९९ मध्ये शिष्य क्योशीने खोलीला काचेची दारे बसवून दिली आणि पडल्या पडल्या बाग दिसू लागली. कोंबड्याची तुरेवाली फुले, मांडवावरची घोसाळी. या घोसाळ्याच्या वेलाचे पाणी कफावर औषध म्हणून घेत. एवढ्याशा बागेवर त्याने किती लिहिले! शेवटच्या उन्हाळ्यात मॉर्फिनने कळ थांबली की तो फळाफुलांची चित्रे काढी.

पण ही नजर बहिणीपाशी येऊन अडते. रित्सू आणि आई यांनीच त्याची शुश्रूषा केली. रोजनिशीत तो रित्सूला दगडासारखी म्हणतो: सांगितले ते करते, न सांगता काही ओळखत नाही. लगेच, तीच परिचारिका, तीच स्वयंपाकीण, तीच लेखनिक, हेही मोजून लिहितो. १९०२ च्या जुलैत तर शुश्रूषेचे मनाची आणि बाह्य उपचारांची असे दोन भाग पाडून त्याने मोठे विवेचन केले. फुलांचे तुरे मोजणाऱ्या या माणसाने, पट्टी सोडताना बहिणीचा चेहरा कसा होतो, हे मात्र पाहिलेले दिसत नाही.

अपवाद एक. २७ ऑक्टोबर १९०१ ला वाढदिवसानिमित्त त्याने उपाहारगृहातून दोन माणसांचे जेवण मागवले आणि आई-बहिणीसह खाल्ले. कारण सांगताना तो जाता जाता लिहून जातो, की या दोघी एरवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोणच्यावरच जेवतात. एवढीच नोंद. अख्ख्या रोजनिशीत मला ती सर्वांत मोलाची वाटते.

शिकीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, तिशी ओलांडलेली रित्सू मुलींच्या व्यवसाय-शाळेत दाखल झाली. पुढे तिथेच ती शिवण शिकवू लागली.