जड मालमोटारींच्या डिझेल इंजिनाची रचना : बुटीबोरीच्या रस्त्यावरून एक समीक्षा

बीजसंज्ञा : डिझेल इंजिन, निष्कास-शुद्धी, अल्पभार, बीएस-६, बुटीबोरी

प्रास्ताविक

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) हैदराबादकडे पुढे जातो आणि वर्ध्याकडे जाणारा रस्ता त्यापासून फुटतो. औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत याच परिसरात असल्याने येथे मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. मात्र या मालमोटारी जितक्या धावताना दिसतात तितक्याच उभ्याही दिसतात. कारखान्याच्या फाटकापाशी, वजनकाट्यावर, नंबर लागण्याची वाट पाहत त्या रस्त्याच्या कडेला रांगेने थांबलेल्या असतात व त्यांपैकी अनेकांची इंजिने चालूच असतात. इंजिनाची चर्चा आपल्याकडे बहुधा अश्वशक्ती, ‘अ‍ॅव्हरेज’ आणि धूर या तीन गोष्टींपाशी थांबते. उभ्या गाडीच्या इंजिनात काय घडते याकडे क्वचितच लक्ष जाते. आजच्या जड डिझेल इंजिनाचा मुख्य रचनादोष नेमका तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुने इंजिन व त्याचा दोष

टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या परंपरेतील ‘६९७’ हे सहा सिलिंडरांचे, ९७ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे ५.७ लिटर क्षमतेचे इंजिन दीर्घकाळ भारतीय रस्त्यांवर राबले. गाडीच्या नावातच तिची मर्यादा लिहिलेली असे. ‘१६१२’ म्हणजे सोळा टन भार आणि सुमारे १२० अश्वशक्ती, अर्थात टनामागे जेमतेम साडेसात. चढावर रांगणारी व काळा धूर ओकणारी मालमोटार हे त्या प्रमाणाचेच फलित होते. इंधनाचा पंप यांत्रिक असल्याने एक स्क्रू फिरवून इंधन वाढविता येत असे. ‘पंप वाढवून घेणे’ हा गॅरेजमधील नित्याचा व्यवहार होता. परिणामी प्रयोगशाळेत मान्य झालेले इंजिन आणि रस्त्यावरचे इंजिन ही दोन वेगळी यंत्रे होऊन बसत. हा दोष गंभीर होता यात शंका नाही. तथापि तो डोळ्यांना दिसत असे आणि तो दूर करणारा मिस्त्री कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटत असे. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मूळ पेच

डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते, ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. जेथे ज्वाला अतितप्त होते तेथे नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. जेथे इंधन दाट आणि प्राणवायू अपुरा, तेथे काजळी धरते. ज्वलन थंड केले तर पहिले प्रदूषण घटते पण दुसरे वाढते, आणि उलटही तितकेच खरे. रचनाकाराची सारी कसरत या दोन टोकांमधील आहे.

देशभर २०१० साली लागू झालेल्या बीएस-३ मानकात जड इंजिनांस प्रति किलोवॅट-तास ५.० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे आणि ०.१० ग्रॅम कण यांची मुभा होती. एप्रिल २०१७ च्या बीएस-४ मध्ये ती ३.५ व ०.०२, तर एप्रिल २०२० च्या बीएस-६ मध्ये ०.४० व ०.०१ अशी झाली. चाचणीची चक्रे भिन्न असल्याने ही तुलना स्थूल मानावी. बीएस-४ च्या वेळी दोन वाटा दिसल्या. अशोक लेलँडने निष्कास वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात सोडण्याची वाट निवडली; टाटांसह अन्य उत्पादकांनी मुख्यतः युरियाचे द्रावण फवारून ऑक्साइडांचे विघटन करणारी उत्प्रेरक-प्रणाली स्वीकारली. पहिल्या वाटेत चालकास युरियाची बादली उचलावी लागत नव्हती, हा तिचा मोठा गुण होता. बीएस-६ ने मात्र पर्याय संपविला. कणांच्या वजनाबरोबर त्यांची संख्याही मोजली जाऊ लागल्याने काजळी-गाळणी अपरिहार्य ठरली आणि युरियाही सर्वत्र आला. या मानकांमुळे रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांवरचा भार हलका होतो. म्हणून मागे फिरण्याचा सल्ला येथे अभिप्रेत नाही.

उभ्या गाडीचे निष्कास तापमान

उत्प्रेरक, गाळणी आणि युरिया या तिन्हींना उष्णता लागते. निष्कास वायू सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की युरियापासून अमोनिया नीट तयार होत नाही. फवारणी चालू ठेवली तर नळीत पांढरे खडे धरतात, म्हणून संगणक ती थांबवितो आणि ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. गाळणीतील काजळी जाळण्यासाठी तर ५५० ते ६०० अंश लागतात. डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा अधिक असल्याने उभ्या गाडीचा निष्कास वायू अनेकदा १५० अंशांच्याही खाली असतो. म्हणजे भरल्या भाराने हिंगणघाटच्या दिशेने धावणारी मालमोटार शुद्ध असते, आणि तीच मालमोटार फाटकासमोर तीन तास घरघरत राहिली की तिची शुद्धीकरण यंत्रणा निद्रिस्त होते व गाळणी तुंबू लागते.

गाळणी तुंबली की फलकावर दिवा लागतो आणि गाडी उभी करून काजळी जाळण्याचे काम चालकाच्या माथी येते. त्यास अर्धा तास वा अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ धुराड्याचे तोंड अतितप्त राहते. ज्या आवारात रुईच्या गाठी किंवा ज्वालाग्राही द्रावके ठेवलेली आहेत तेथे हे करणे धोक्याचे. बाहेर रस्त्यावर करावे तर नंबर जातो. चालकाने दिवा दुर्लक्षिला तर इंजिन स्वतःहून शक्ती कमी करते. युरिया संपल्यास ते प्रथम ताकद घटविते आणि अखेरीस ताशी २० किलोमीटरवर आणून सोडते. ज्याच्या मालकीची एकच मालमोटार आहे आणि तिचा हप्ता चालू आहे, त्याच्यासाठी हा दंडच होय, तोही बहुतांशी न केलेल्या गुन्ह्याचा.

यात आता आणखी एक भर पडली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. विदर्भाच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांपार असताना, चालकास ही सोय मिळणे न्याय्यच आहे. परंतु वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असेल तर दुपारची झोप म्हणजे इंजिनाचे आणखी काही तास निष्फळ चालणे. सोय एका खात्याने दिली, काजळी दुसऱ्या खात्यात जमा झाली!

हवामानाचा विचार

युरियाच्या द्रावणाचे प्रमाण ३२.५ टक्के असते, ते मुख्यतः थंडीच्या दृष्टीने. या प्रमाणात ते सर्वांत कमी म्हणजे उणे ११ अंशांना गोठते. बुटीबोरीस गोठण्याची भीती नाही, तापण्याची आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५ अंशांपर्यंत साठविलेले द्रावण १८ महिने टिकते, ३५ अंशांपर्यंत केवळ ६ महिने. पत्र्याच्या टपरीत उन्हाळाभर पडलेल्या बादलीची काय अवस्था होत असेल, हे सांगणे नलगे. शेतीचा युरिया पाण्यात कालवून वापरण्याचा मोह त्याहून घातक आहे. आपल्याकडे शेतीच्या युरियास निंबोळी तेलाचा लेप असतो. त्यातील तेल व अशुद्धी उत्प्रेरकास निकामी करतात.

समोरच्या जाळीमागील मांडणीही अशीच परदेशी हवामानातून आलेली वाटते. वातानुकूलनाचा कंडेन्सर, टर्बोचार्जरची हवा थंड करणारा कूलर आणि रेडिएटर एकामागे एक रचलेले असतात; पहिल्याने तापविलेली हवा तिसऱ्याच्या वाट्यास येते. त्यात कोळशाची धूळ आणि कापसाची तूस अडकते. हे संच बिजागरीवर उघडून मागून धुता येतील अशी साधी सोय सर्वत्र असावयास हवी.

चाचणी आणि सुधारणा

रचनाकार चाचणीसाठी रचना करतो, यात त्याचा दोष नाही. युरोपीय रस्ता-चाचणीत सरासरी शक्ती ठरावीक टक्क्यांहून कमी असलेले टप्पे मोजणीतून वगळले जात. ही मर्यादा आधी २० टक्के होती, पुढे १० झाली. आपली मानके त्याच घडणीची आहेत. इंधन-वापराचे २०१७ चे भारतीय निकषही ताशी ४० व ६० किलोमीटर या स्थिर वेगांवर बेतलेले आहेत. ज्या अवस्थेत येथील मालमोटार तासन्‌तास असते ती अवस्था परीक्षेत जवळपास नाहीच. कॅलिफोर्नियाने २०२० साली अल्पभाराचे स्वतंत्र चाचणीचक्र मान्य केले. आपल्या वाहन-संशोधन संस्थांनी औद्योगिक वसाहतीतील प्रत्यक्ष थांब्यांवरून असे चक्र तयार करणे कठीण नाही.

यंत्रातील सुधारणा ज्ञात आहेत. अल्पभारावर सहांपैकी तीन सिलिंडर बंद ठेवले तर उरलेल्या तिघांवर दुप्पट भार येऊन निष्कास वायू तापतो व इंधनही वाचते. निष्कास नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन, टर्बोचार्जरलगत युरियाचा पहिला फवारा आणि वातानुकूलनासाठी स्वतंत्र बॅटरी यांपैकी एकही गोष्ट कल्पनारम्य नाही. काजळी जाळण्यासाठीचे इंधन सिलिंडरात उशिरा फवारले तर त्यातील काही भाग भिंतीवरून ओघळून वंगणात मिसळतो; त्याऐवजी ते थेट निष्कास नळीत सोडणे श्रेयस्कर. कार्यक्षमतेचे शिखर तर उंचावतेच आहे. चीनच्या वेइचाई कंपनीने २०२४ साली ५३.०९ टक्के औष्णिक कार्यक्षमतेचे इंजिन जाहीर केले. पण ते शिखर भरल्या भाराचे. वजनकाट्यावरील इंजिनास त्याचा उपयोग मर्यादित.

आणि मिस्त्रीचे काय? जुन्या इंजिनाचा दोष त्याला कानाने कळत असे. आज १,६०० बार व त्याहून अधिक दाबाने इंधन फवारणाऱ्या इंजिनाची तक्रार संगणकाच्या सांकेतिक क्रमांकात बंद असते आणि तो उलगडण्याचे साधन बहुतेकदा अधिकृत केंद्राकडेच असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने युरियाच्या बिघाडामुळे गाडीची ताकद अकस्मात तोडण्याची पद्धत शिथिल करावी, अशी सूचना उत्पादकांना दिली. आपल्याकडे त्याचे अनुकरण करण्यापूर्वी निदान तो सांकेतिक क्रमांक मराठी-हिंदीत फलकावर वाचता यावा आणि नागपूर-बुटीबोरीच्या कोणत्याही प्रशिक्षित फिटरला तो तपासता यावा, एवढी तरतूद मान्यतेच्या अटींत घालता येईल.