'सायलेन्स'मधलं गाव आपण नीट पाहिलंच नाही

मार्टिन स्कोर्सेसीचा 'सायलेन्स' (२०१६) मी दोनदा पाहिला, मग शुसाकु एंदोंची १९६६ सालची मूळ कादंबरी इंग्रजीतून वाचली. सतराव्या शतकातलं जपान. ख्रिस्ती धर्मावर बंदी. दोन पोर्तुगीज धर्मगुरू लपूनछपून तिथं उतरतात, आणि शेवटी रॉड्रिग्स या धर्मगुरूपुढं एकच प्रश्न उरतो: येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवायचा की नाही? कलाकृती म्हणून दोन्ही थोर आहेत. माझी तक्रार प्रश्नाच्या निवडीबद्दल आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

छळ आला तर ख्रिस्ती माणसानं काय तयारी ठेवावी, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकट्याच्या धैर्यापाशी थांबतं. 'सायलेन्स'चंही तसंच होतं. गंमत म्हणजे दुसरं उत्तर एंदोंच्याच कादंबरीत आहे. धर्मगुरू नसताना गावकऱ्यांनी कामं वाटून घेतलेली असतात: बाप्तिस्मा गावातलाच एक वडीलधारा देतो, प्रार्थना शिकवणारे वेगळे. एंदो हे थोडक्यात सांगतात आणि पुन्हा रॉड्रिग्सच्या मनात शिरतात.

इतिहासात मात्र खरी तयारी तिथंच दिसते. देशभर बंदी आली १६१४ मध्ये. त्याआधीच सामान्य ख्रिस्ती लोकांची मंडळं उभी होती. आजाऱ्यांची सेवा, अंत्यविधी ही कामं ती करत. १६०३ मध्ये बिशप सेर्केरा यांनी पश्चात्तापावर एक छोटी पुस्तिका तयार केली. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरूच नसेल तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे तिच्यात होतं. तिची मूळ छापील प्रत आज उपलब्ध नाही. लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी केलेल्या नकलांमुळे ती आपल्यापर्यंत पोचली.

१६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरू मारला गेला. तरी नागासाकीजवळच्या उराकामीत एक माणूस सणवारांची दिनदर्शिका सांभाळायचा, दुसरा बाप्तिस्मा द्यायचा, तिसरा निरोप पोचवायचा. प्रतिमेवर पाय ठेवण्याची सक्ती दरवर्षी व्हायची. लोक पाय ठेवायचे, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. म्हणजे चित्रपटातला पुनःपुन्हा डळमळणारा किचिजिरो हा अपवाद नव्हता. दोनशेहून अधिक वर्षं धर्म टिकवला तो बहुतांशी पाय ठेवणाऱ्यांनीच. १८६५ मध्ये उराकामीचे लोक नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले आणि आपण कोण ते फ्रेंच धर्मगुरूंना सांगितलं.

आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले. त्या सव्वीस हुतात्म्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, आणि ती असायलाच हवीत. दिनदर्शिका सांभाळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची नावं मात्र माहीत नाहीत. नोंद कोणाची राहते यावर आपला डेटा ठरतो, तो असा.

इथपर्यंत वाचून "चला, उत्तर सापडलं, संघटना करा" असं वाटलं असेल, तर थांबा. मीही इथंच फसलो होतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सेमिनारमध्ये माझे छान वाढलेले कल्चर दाखवत होतो. गाइडनी एवढंच विचारलं, "आणि मेलेले कुठं आहेत?" मी ते मोजलेच नव्हते. टिकलेल्यांवरूनच निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

जपानमध्येही 'मेलेली' गावं आहेत. १६५७ मध्ये ओमुरा संस्थानातल्या कोरी भागात गुप्त ख्रिस्ती उघडकीस आले. सहाशेहून अधिक लोक पकडले गेले, त्यांतल्या चारशेहून अधिकांना मृत्युदंड झाला. तेही लपूनच धर्म पाळत होते. उलट जवळच्या सोतोमेचा काही भाग सागा संस्थानाच्या हद्दीत होता. तिथं शोधमोहीम तितकी कडक नव्हती, असं अभ्यासक सांगतात. तो भाग टिकला, आणि १७९७ पासून सोतोमेचे लोक गोतो बेटांवर जाऊन वसले. मग टिकवलं कशानं? संघटनेनं, की संस्थानाच्या सीमेनं? आपल्या भाषेत, इथं कन्फाउंडर आहे.

आणि 'टिकणं' म्हणजे तरी काय? १८६५ नंतर उराकामीचे लोक उघडपणे वागू लागले, तर सुमारे ३,४०० जणांना हद्दपार केलं गेलं. बंदी उठली १८७३ मध्ये. तोवर त्यांतले सहाशेहून अधिक दगावले होते. इकित्सुकी बेटावरच्या अनेकांनी मात्र चर्चकडे न परतता पूर्वजांचीच रीत चालू ठेवली. कोणाला 'यशस्वी' म्हणायचं हे व्याख्येवर ठरतं, आणि ती व्याख्या निकाल बघायच्या आधी लिहावी लागते.

म्हणून माझा दावा लहानच ठेवतो. कामांची वाटणी, धर्मगुरूशिवाय चालणारे विधी आणि चुकलेल्याला परत येण्याची वाट, एवढी तयारी नसती तर उराकामीला सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण ती असली की जीव वाचतो, असं कोरीकडे बघून म्हणवत नाही. आज कुठल्याही देशात भीतीखाली जगणाऱ्या मंडळीला आपण या इतिहासावरून सल्ला देणार असू, तर हा दुसरा भागही सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे.

'सायलेन्स' जरूर पहा. फक्त या वेळी रॉड्रिग्सच्या मागं उभ्या असलेल्या माणसांकडे लक्ष ठेवा. आणि प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा पहिल्याच पानावर नोंद करा: माझ्या विषयातलं कोरी कुठं आहे?