व्होल्टेरांचे मत्स्यगणित

दारव्ह्यासारख्या कापसाच्या गांवीं बसून समुद्रांतील माशांच्या गणितावर अभिप्राय द्यावा, हें वाचकांस धाडस वाटेल. परंतु व्हिटो व्होल्टेरा यांचा १९२६ सालचा निबंध समुद्रापुरता राहिलेला नाहीं. महायुद्धानें आद्रियातिकांतील मासेमारी मंदावली, तेव्हां फ्यूमे बंदरीं मुशी-पाकटांसारख्या भक्षकांचें प्रमाण १९१४ मधील शेंकडा सुमारें १२ वरून १९१८ मध्यें ३६ वर गेलें. तें कां, हा प्रश्न त्यांचे भावी जांवई डांकोना यांचा. उत्तर असें, कीं माफक मासेमारीनें भक्ष्य सरासरीनें वाढतें व भक्षक घटतो. ती थांबतांच उलट घडतें.

उत्तर सुंदर आहे. फार सुंदर आहे, हीच आमची तक्रार. मूळ समीकरणांत ऋतु नाहीं, माशाचें वय नाहीं, भक्षकाच्या भुकेला सीमा नाहीं. कोंकणांत पावसाळी मासेमारीबंदी विणीच्या मासळीसाठीं असते; ‘वीण’ हा शब्दच या गणितास ठाऊक नाहीं. त्याच्या आधारें ती बंदी कोणी निरर्थक ठरवूं नये.

मात्र कपाशीवर विष फवारलें, कीं किडीसह तिला खाणारे कीटकही मरतात आणि कीड दुणावून परतते. येथें तोच नियम ओळखूं येतो. आमच्या शेजाऱ्यांनीं तो समीकरणावांचून, कर्ज काढून शिकला आहे.