जातिवंत कुत्री आणि जनुकांची तपासणी : एका माहितीपटाविषयी

जेमिमा हॅरिसन यांचा ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट बीबीसीने ऑगस्ट २००८ मध्ये दाखवला आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. ‘क्रफ्ट्स’ हे तेथील कुत्र्यांचे सर्वांत मोठे प्रदर्शन. २००९ पासून बीबीसीने त्याचे प्रक्षेपण थांबवले. आनुवंशिकता शिकवणाऱ्यांनी हा माहितीपट अवश्य पाहावा, असे आम्हाला वाटते.

कॅव्हेलियर स्पॅनियल या गोंडस कुत्र्याची कवटी मेंदूला अपुरी पडते, मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होतात आणि ते वेदनेने कळवळते. ही दृश्ये पाहवत नाहीत. तरीही वर्गाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग ऱ्होडेशियन रिजबॅकचा आहे. या कुत्र्याच्या पाठीवर उलट्या केसांची एक रेघ असते. रेघ नसलेली पिल्ले मारून टाकावीत, असे ब्रिटनमधल्या या जातीच्या मंडळाच्या आचारसंहितेतच होते! आता गणित पाहा. रेघेचे जनुक प्रभावी आहे. आईबाप दोघांकडे त्याची एकेकच प्रत असेल, तर सरासरी चारांतले एक पिल्लू रेघेविना जन्मते. ज्यांना दोन प्रती मिळतात, त्यांच्यात त्वचेपासून कण्याकडे जाणारी एक सदोष नळी होण्याचा धोका अधिक असतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणजे मारले जात होते ते या दोषाचा धोका सर्वांत कमी असलेले पिल्लू. मेंडेलच्या वाटाण्यांवर कंटाळलेली मुले हे उदाहरण विसरणार नाहीत.

आमची तक्रार वेगळी आहे. जवळच्या नात्यातील पैदाशीवर माहितीपट योग्य तो कोरडा ओढतो, पण तपासणीने काय साधते आणि काय साधत नाही, हे पुरेसे उलगडत नाही. प्रेक्षकाचा समज असा होतो, की पैदास करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे तपासण्या केल्या म्हणजे झाले. स्पॅनियलच्या दुखण्याला मात्र एका जनुकाची चाचणी पुरत नाही. तेथे एमआरआय करावे लागते.

डाल्मेशियनची गोष्ट याहून बोलकी आहे. या ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या लघवीत यूरिक आम्ल फार असते आणि त्याचे खडे होतात. शुद्ध जातीच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये संबंधित जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. अशा ठिकाणी चाचणी करून काय मिळणार? सगळेच नापास! निवडायला चांगली प्रत हवी ना. ती बाहेरूनच आणावी लागली. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. २००८ मध्ये ते जनुक नेमके सापडले. कोणत्या पिल्लाला चांगली प्रत मिळाली हे सांगणारी चाचणी आता उपयोगाची ठरली.

नोंदवह्यांचे दार मात्र सहज उघडले नाही. शायबल यांच्या कुत्र्यांपैकी दोघांची नोंद अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्येच केली होती, पण डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या मंडळातून विरोध झाला आणि पुढच्या नोंदी थांबल्या. ब्रिटनने २०१० मध्ये अशी एक कुत्री स्वीकारली. अमेरिकेत त्यासाठी २०११ उजाडावे लागले.