माती, गादी आणि निकाल

कोणती मल्लविद्या श्रेष्ठ, हा प्रश्न विचारणारा मनुष्य बहुधा उत्तर आधींच ठरवून आलेला असतो. आमच्या ब्रह्मपुरीकडील तरुण मंडळी हल्लीं मोबाईलवर देशोदेशींच्या झुंजी पाहून हाच वाद घालीत बसतात. कोणी जूदोचा अभिमानी, कोणी कराटेचा. मातीच्या कुस्तीची बाजू घेणारे थोडे, आणि तेही कांहींसे संकोचून. वादांत आवेश असावा, हें वयास साजेसेंच आहे. पण या वादांत एक विचारदोष आहे, आणि तो आम्हां वाङ्मयाच्या टीकाकारांसही अपरिचित नाहीं. म्हणून त्याचा परामर्श येथें घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

गामा पहिलवान आणि पोलंडचा मल्ल झिबिस्को यांची गांठ दोनदां पडली. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें झिबिस्को हातगुडघे टेकून गादीस असा चिकटून राहिला कीं, अडीच तासांहून अधिक काळ खटपट करूनही गामास त्याला उताणा करतां आलें नाहीं, आणि कुस्ती बरोबरींत सुटली. पुढें जानेवारी १९२८ मध्यें पतियाळ्यास भारतीय पद्धतीच्या आखाड्यांत तेच दोघे समोरासमोर आले आणि गामानें एका मिनिटाच्या आंत त्यास चीत केलें. माणसें तींच, त्यांची विद्याही तीच. बदललें होतें तें मैदान, पद्धति आणि दोघांचें वय. यांपैकीं कोणत्या एका निकालावरून भारतीय कुस्तीचें मोल ठरवावयाचें?

मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांची जाहीर परीक्षा २६ जून १९७६ रोजीं टोकियोंत झाली. महंमद अली व अंतोनिओ इनोकी यांच्या त्या सामन्याचे नियम असे बांधलेले होते कीं, मल्लास आपली मुख्य विद्या वापरतांच येईना. पंधरा फेऱ्यांपैकीं बराच काळ इनोकी पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला. सामना बरोबरींत सुटला, आणि त्यावरून ना मुष्टियुद्धाविषयीं कांहीं कळलें, ना कुस्तीविषयीं. आपल्या महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंतही माती आणि गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते शेवटीं एकमेकांशीं लढतात. ती शेवटची कुस्ती कशावर लावावयाची हें ज्या क्षणीं ठरतें, त्या क्षणींच निकालाचाही कांहीं अंश ठरून जातो.

आपल्या जुन्या उस्तादांस ही गोष्ट ठाऊक असावी. त्यांनीं कुस्तीचेच चार प्रकार सांगितले: बळाची भीमसेनी, डावपेचांची हनुमंती, पकडीनें जखडणारी जांबुवंती आणि अवयव मोडणारी जरासंधी. एकाच विद्येच्या पोटांत चार निरनिराळ्या कसोट्या त्यांनीं मानल्या.

येथें कोणी विचारील, तर मग सर्वच विद्या सारख्या मानावयाच्या काय? मुळींच नाहीं. तसें म्हणणें ही पहिलीहून मोठी चूक होईल. १९९३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें अगदीं मोजके नियम ठेवून निरनिराळ्या विद्यांच्या योद्ध्यांस एकत्र लढविलें. अंगानें बेताचा असा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी याने एका रात्रींत तीन प्रतिपक्ष्यांस शरण आणलें. कारण जमिनीवर पडून झुंजण्याची त्यास जी संवय होती ती इतरांस नव्हती. पुढें इतरांनीं ती विद्या शिकून घेतली आणि तें आधिक्य ओसरलें. यावरून एक कसोटी मात्र निश्चित निघते: जी विद्या प्रतिकार करणाऱ्या गड्यावर रोज घासली जाते, ती परक्या मैदानांतही कांहीं दिवसांनीं उभी राहते, जी केवळ हातवाऱ्यांत रमते, ती कोठेंच टिकत नाहीं.

खाशाबा जाधवांचें उदाहरण याच दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मातींतला मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गेला, तेव्हां गादी आणि तिचे नियम त्यास नवे होते. तो सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस त्यानें कांस्यपदक मिळविलें. त्या गटांतील सुवर्णपदक ज्या शोहाची इशीनें जिंकलें तो मूळचा जूदोपटू. जूदोनें कुस्तीस हरविलें, असा निष्कर्ष कोणी यावरून काढील. पण दोघेही आपापलें घर सोडून तिसऱ्याच्याच घरीं लढावयास आले होते, आणि त्या घराची रीत शिकण्यास दोघांसही वेळ द्यावा लागला होता, हें विसरतां कामा नये.

हें सारें आज लिहितों आहें. परंतु वेळेवर सुचलें नव्हतें. वैनगंगेपलीकडच्या एका खेड्यांतला माझा एक विद्यार्थी यात्रेच्या फडांत कुस्त्या मारून नांव मिळवून होता. महाविद्यालयांच्या स्पर्धेंत तो प्रथमच गादीवर उतरला आणि पहिल्याच फेरींत गुणांवर हरला. त्याचें सांत्वन करावें म्हणून मीं म्हटलें, "तुझा दोष नाहीं रे, आपली विद्याच तोकडी." त्यानें मान डोलावली, आणि पुन्हां लंगोट बांधला नाहीं. शहरी रंगभूमीच्या मापानें झाडीपट्टीची दंडार मोजणाऱ्या टीकाकारांवर मीं वर्गांत अनेकदां तोंडसुख घेतलें आहे; त्या दिवशीं तोच अपराध माझ्या हातून घडला. हरली होती ती गादीची संवय. मीं दोष दिला तो विद्येला.

खाशाबांस लंडनपासून हेलसिंकीपर्यंत चार वर्षें लागलीं. त्या मुलास मीं एवढेंच सांगावयास हवें होतें, कीं वर्षभर गादीवर सराव कर आणि मग आपण बोलूं.