‘ऑफिशियल’ आणि ‘मौका’ : विश्वचषकाच्या दोन जाहिरातसंहिता

क्रिकेट विश्वचषकाच्या निमित्ताने निघणाऱ्या जाहिरातमोहिमांचा विचार आपल्याकडे बहुधा विपणनाच्या अंगाने होतो. त्यांच्याकडे भाषिक संहिता म्हणून पाहिले, तर दोन घोषवाक्ये परस्परांशेजारी ठेवण्यासारखी आहेत : पेप्सीचे १९९६ मधील ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ आणि स्टार स्पोर्ट्स वाहिनीचे २०१५ मधील ‘मौका मौका’.

१९९६ चा विल्स विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका येथे झाला. त्याचे अधिकृत शीतपेय कोका-कोला होते. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये परतली होती आणि तिला मान्यतेची मोहोर हवी होती. पेप्सीने सचिन तेंडुलकरसारखे खेळाडू हाताशी धरून ती मोहोरच हास्यास्पद ठरवली. हे वाक्य इंग्रजी असले तरी त्याचा विनोद इथला आहे. परवाना-राज्यात वाढलेल्या कानाला ‘ऑफिशियल’ हा शब्द आधी ‘सरकारी’ असाच ऐकू येतो. अर्ज, शिक्का, जागेवर नसलेले साहेब हे सारे त्यात येते. म्हणूनच त्याचे मराठी भाषांतर फसते. ‘यात अधिकृत असे काही नाही’ म्हटले, तर ग्राहक बाटली परत ठेवील, कारण ‘अनधिकृत’ हे विशेषण आपण बांधकामांना आणि फेरीवाल्यांना लावतो. ‘सरकारी’ म्हणावे, तर स्पर्धेचा संदर्भ सुटतो. दोन्ही अर्थ एकत्र नांदतात ते भारतीय इंग्रजीतच. हे वाक्य ज्यांच्या नावे सांगितले जाते त्या अनुजा चौहान यांनी पुढे ‘द झोया फॅक्टर’ (२००८) ही जाहिरातसंस्था आणि क्रिकेट यांवरचीच कादंबरी लिहिली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

‘मौका’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा. मूळ अरबी शब्दात स्थळ आणि प्रसंग या दोन्ही छटा आहेत. हिंदीत ‘संधी’ हा अर्थ पुढे आला, तरी पोलीस आजही ‘मौके पर’ पोहोचतात. मराठीने ‘मोका’ संधीसाठी ठेवला, पण ‘मोक्याची जागा’ म्हणताना स्थळाचा अर्थही जपला. रायपूरचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. आज रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राशेजारी असलेल्या बीरगांवात एखाद्या मराठी कुटुंबाने ही जाहिरात पाहिली असे धरू. बाजारातला ‘मौका’ आणि घरातला ‘मोका’ तिथे एकमेकांत सहज मिसळतात. ‘ऑफिशियल’ मात्र त्या घरात ‘सरकारी’च्या मार्गाने, अर्ध्यावरच पोहोचला असणार.

दुसरे घोषवाक्य अशा रीतीने अधिक जणांचे आहे. त्याचे हसू मात्र अधिक कोते आहे, असे मला वाटते. १९९६ चा उपहास सत्तेकडे तोंड करून होता. भले तो एका बलाढ्य कंपनीने दुसरीवर केलेला का असेना. २०१५ मध्ये फटाके जपून ठेवून पाकिस्तानच्या विजयाची वाट पाहणारा एक सामान्य चाहता हास्यविषय झाला. १९९२ च्या सिडनीपासून २०११ च्या मोहालीपर्यंत विश्वचषकातल्या पाचही सामन्यांत भारत जिंकला होता. विशाल मल्होत्रा यांनी हा चाहता इतका जिव्हाळ्याने उभा केला की प्रेक्षकाला त्याची कणव येते. संहितेला मात्र ती कणव पेलत नाही.

तमाशातील सवाल-जवाब इथे आठवतो. तिथे हिणवणे कितीही झोंबरे असले, तरी प्रतिपक्षाचा फड समोर उभा असतो आणि त्याची पाळी येणारच असते. ‘मौका मौका’त चाहत्याची आतुरतासुद्धा प्रतिस्पर्ध्यानेच लिहिलेली, सवालही आपला, जवाबही आपलाच. १५ फेब्रुवारी २०१५ रोजी अॅडलेडला भारत पुन्हा जिंकला आणि तोच चाहता पुढच्या प्रतिस्पर्ध्यांकडे आशेने पाहू लागला. मालिका लांबली, विनोद मात्र तिथेच थांबला. २६ मार्चला उपांत्य सामन्यात भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला, तेव्हा या संहितेपाशी बोलायला शब्द उरला नाही.

२०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी वाहिनीने त्याच चाहत्याला पुन्हा पडद्यावर आणले. २४ ऑक्टोबरला दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले आणि ‘मौका’ हा शब्द सीमेपलीकडून इकडे फेकला जाऊ लागला.