गॅलिपोलीचा किनारा: स्मारकलेखांचे वाङ्मय

तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य २५ एप्रिल १९१५ रोजी उतरले आणि जानेवारी १९१६ मध्ये तेथून पूर्णपणे निघून गेले. आज यात्रिकाला तेथे दिसतात ते उतरते कडे, अरुंद वाळू आणि समुद्र. युद्ध उरले आहे ते मुख्यतः दगडांवरील अक्षरांत. म्हणून ह्या किनाऱ्याचे दर्शन ही वस्तुतः एक वाचनक्रिया होय, आणि वाचन म्हटले की विवेक आलाच.

तेथील सर्वांत प्रसिद्ध लेख म्हणजे आरी बुर्नू येथे १९८५ साली उभारलेल्या स्मारकावरील मजकूर. शत्रुसैनिकांच्या मातांचे सांत्वन करणारा हा मजकूर अतातुर्क ह्यांच्या नावे, १९३४ ह्या सालासह कोरला गेला. परंतु त्या सालचा समकालीन पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. त्याचा माग लागतो तो माजी गृहमंत्री शुक्रू काया ह्यांच्या १९५३ साली छापल्या गेलेल्या मुलाखतीपर्यंत. आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांत भेद नाही, हे त्यातील सर्वाधिक लोकप्रिय वाक्य त्या तुर्की पाठात आढळत नाही. मूळ पाठात नसलेले सांत्वन भाषांतरात शिरते ते बहुधा वाचकाला ते हवे असते म्हणूनच. मजकूर उदात्त आहे, ह्यात शंका नाही. परंतु उदात्तता ही पाठशुद्धीची जागा घेऊ शकत नाही.

ह्याच्या अगदी उलट प्रकृतीचे लेखन तेथील दफनभूमींतील बुटक्या स्मृतिशिलांवर आढळते. इंपीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने आप्तांना स्वतःची एक ओळ कोरवून घेण्याची मुभा दिली होती, मात्र ६६ अक्षरांच्या मर्यादेत. न्यूझीलंडच्या सरकारने, सर्वांना समान न्याय म्हणून, तीही नाकारली. ह्यांपैकी पुष्कळ ओळी धर्मग्रंथांतून घेतलेल्या व साचेबंद आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि जेथे एखादी माता वा पत्नी आपल्याच बोलीत बोलते, तेथे स्मारकलेखाला राष्ट्राच्या वाणीत न सापडणारे सत्य सापडते.

हेलेस स्मारकावर ही ओळही नाही. तेथील सुमारे २१,००० नावांत भारतीय सैन्यातील नावेही आहेत. परंतु त्यांच्या घरच्यांचे शब्द त्या दगडावर नाहीत. ह्या मौनाच्या जागी उसने उदात्त वाक्य ठेवण्याचा मोह भारतीय वाचकाने आवरला पाहिजे. नाव वाचावे आणि त्याखालची रिकामी जागाही वाचावी. स्मारकाच्या अर्थाचा तोही एक अंश आहे.